हौसाक्काचे हात

पौष लागला की आमच्या गल्लीत कासारीण येते. सांगलीत आता बांगड्यांची दुकानं पायलीला पन्नास झाली आहेत, तरी संक्रांतीच्या आधी ही बाई डोक्यावरची पेटी सांभाळत येतेच आणि आमच्याच ओट्यावर पसारा मांडते. सून, शेजारच्या दोघीतिघी, वरच्या मजल्यावरची नवी भाडेकरीण, सगळ्या तिच्याभोवती बसतात. कासारीण एकेकीचा हात दाबते, वळवते, "सैल सोडा की वो ताई," म्हणते, आणि बघता बघता मनगट हिरवंगार होतं. मी बाजूला खुर्चीवर बसून बघते. हे गेल्यापासून मी बांगड्या भरत नाही.

दर वर्षी या ओट्यावर एक विषय निघतोच. यंदा सुनेनं त्या नव्या भाडेकरणीला सांगितलं, "आमच्या आईंचे हात सिनेमात आहेत, माहीत आहे का? बांगड्या फोडतात तो सीन." त्या मुलीनं माझे हात आपल्या हातांत घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, आणि तो सीन आपण कुठल्याशा फिल्म क्लबात पाहिला आहे, असं सांगितलं. मी म्हटलं, "ते हात माझे नाहीत." ती हसली. म्हणाली, "किती साध्या आहात हो तुम्ही."

मी हात पदराखाली घेतले.

इतकी वर्षं मी हे एकच वाक्य सांगत आले आहे, आणि इतकी वर्षं लोक त्याचा विनय करून टाकतात. खोटं बोलून शाबासकी मिळवली असती तर निदान खोटं बोलल्याचं वाईट वाटून मोकळी झाले असते. इथं खरं बोलावं तरी शाबासकी वाढतेच. मग लाज वाटते, आणि ती कुणाला दाखवायची सोय नसते.

हे शाळेत मराठी शिकवायचे आणि संध्याकाळी हौशी नाटकं बसवायचे. सांगलीच्या माणसाला नाटकाचं वेड असणं म्हणजे नाकावर चष्मा असण्याइतकं साधं. पण ह्यांना त्यातून सिनेमाचं वेड लागलं. आमच्या पिढीनं शाळकरी वयात चोरून वाचलेली आणि पुढं कॉलेजात अभ्यासाला लागलेली एक जुनी कादंबरी होती, पलटणीतल्या शिपायाच्या बायकोची. लढाईवर गेलेल्या नवऱ्याच्या मरणाची तार येते, इथपासून खरी सुरू होणारी. ह्यांना ती पाठ होती. बड्या लोकांनी तिला हात लावला तर गाणी घालून तिची वाट लावतील, त्यापेक्षा आपणच करू, असं एक दिवस जेवताना म्हणाले. मला वाटलं, ताक प्यायल्यावर विसरतील. विसरले नाहीत.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. त्यामुळे बाकीची सगळी सोंगं आम्ही आणली. कॅमेरा कोल्हापूरहून एका मोडीत निघालेल्या स्टुडिओतला, आणि त्याच्यासोबत बापू नावाचे कॅमेरामन, तेही जवळपास त्याच अवस्थेतले. ट्रॉली म्हणून बैलगाडी. चहाच्या खोक्यांतला चांदीचा कागद फळीवर चिकटवून उजेड पाडायचा. नायिका मी, कारण नायिकेला घरचंच जेवण चालत होतं. आवाज नंतर कोल्हापुरात भरायचा. कच्ची फिल्म इतकी थोडी की प्रत्येक शॉट एकदाच. ह्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, "कॅमेरा चालू झाला की आभाळ कोसळलं तरी कुणी बोलायचं नाही, थांबायचं नाही." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. दगडूअण्णा पोस्टमननंही.

गाव औंधच्या पलीकडं, माणच्या वाटेवर. एकाहत्तरची लढाई होऊन गेली होती, त्यानंतरचा हिवाळा. शाळू पोटऱ्यात आला होता, तोही विहिरीच्या पाण्याखाली होता तेवढाच, बाकीचं रान उघडं. सकाळी इतकी थंडी की बापू कॅमेऱ्याला घोंगडी गुंडाळून आणायचे आणि स्वतः कुडकुडत असायचे. घरटी एक माणूस पलटणीत. भिंतीवर देवांच्या शेजारी गणवेशातला फोटो, खुंटीला जुना फौजी स्वेटर, म्हाताऱ्यांच्या बोलण्यात 'ड्यूटी' आणि 'लीव'. कादंबरीतलं गाव शोधायला ह्यांना फार फिरावं लागलं नाही.

आम्ही उतरलो होतो हौसाक्काच्या घरी. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. घरात ती आणि तिची सासू. नवरा, श्रीपती, जम्मूच्या वरच्या अंगाला, बर्फात. दीड महिना त्याचं पत्र नव्हतं. हौसाक्का त्याबद्दल बोलायची नाही. फक्त सायकलची घंटा वाजली की हातातलं काम तसंच ठेवून दारात यायची आणि घंटा पुढं गेली की परत कामाला लागायची.

तिनं मला नऊवारी नेसायला शिकवलं. माझं नेसणं बघून ती पहिल्यांदा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "वैनी, आसं नेसून कोन शेतात जातंय? चार पावलांत सुटंल की वो." जात्यावर बसवून माझा हात धरून दोन फेरे दिले. शूटिंगसाठी मी दिवसभर कुंकू पुसून, मोकळ्या हातांनी फिरायची. ते तिला बघवायचं नाही. दिवेलागणीला मी घरात शिरले की ती आधी करंडा घेऊन पुढं यायची. "या आदी हिकडं. दिसभर पांढऱ्या कपाळानं हिंडताय, दिवा लावायच्या टायमाला तरी बरं दिसू द्या." कपाळाला बोट टेकवायची, माझ्या बांगड्या पेटीतून काढून मला घालायला लावायची, आणि मगच चहाचं आधण ठेवायची. मी एकदा गमतीनं म्हटलं, "अगं, हे नाटक आहे." ती म्हणाली, "नाटक तुमास्नी ठावं. घराला काय ठावं?"

दगडूअण्णा त्या गावचेच खरे पोस्टमन. त्यांच्याकडून पोस्टमनचं काम करून घ्यायचं म्हणजे कपडे शिवायला नकोत की सायकल आणायला नको. ह्यांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं, "नेहमी करता तसंच करा." आणि तिथंच सगळं झालं, कारण दगडूअण्णांची तार द्यायची एक रीत होती, ती आम्हाला सांगलीकरांना कुठून माहीत असणार? पत्र असलं, मनीऑर्डर असली, की ते घंटा वाजवत वेशीतून आत यायचे. वाईट तार असली की वेशीबाहेरच सायकलवरून उतरायचे, टोपी काढून खिशात घालायचे, आणि घंटा न वाजवता, सायकल हातानं ढकलत यायचे. लढाईच्या दिवसांत गावानं त्यांना तसं येताना पाहिलं होतं. कुणाच्या दारी सायकल थांबते ते बघेपर्यंत त्या गल्लीत कुणी श्वास घेत नसे, असं हौसाक्काची सासू मला नंतर म्हणाली.

तारेचा शॉट हौसाक्काच्याच दारात ठरला, कारण दुपारी तिथला उजेड चांगला. गावकरी कॅमेऱ्यात बघतात म्हणून बापूंनी कॅमेरा समोरच्या गोठ्यात, कडब्याआड लपवला. हौसाक्का सकाळपासून रानात गेली होती. ती तिन्हीसांजेलाच येणार असं सासू म्हणाली होती. मी आत माजघरात उभी होते. अण्णा दारात पोचले की हे शीळ घालणार, मग मी बाहेर यायचं, असं ठरलं होतं.

ती लवकर आली. म्हशीला वैरण संपली होती म्हणून कडवळाचा भारा घेऊन मागल्या पाणंदीनं आली. तिनं काय पाहिलं? गल्ली रिकामी. माणसं आपापल्या दारांआड, कारण आम्हीच त्यांना उभं राहू नका म्हणून सांगितलेलं. दगडूअण्णा उघड्या डोक्यानं, सायकल ढकलत. आणि सायकल थांबली ती तिच्या दारात.

तिनं भारा खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला. म्हणाली, "आण्णा, आमचीच का?"

बोलायचं नाही म्हणून सांगितलेलं. अण्णांनी मान खाली घातली.

मला आतून तिचा आवाज आला, शीळ काही आली नाही. मी दारात आले तोवर तिनं दोन्ही मनगटं चौकटीवर आपटली होती आणि पदरानं कपाळ पुसत होती. शॉटसाठी कुंकू लावलेली मी आत, आणि पांढऱ्या कपाळाची ती बाहेर, मध्ये उंबरा आणि त्यावर हिरव्या काचा. मग अण्णांनी सायकल फेकून दिली. "आगं हौसे, खोटी हाय गं तार, सिनेमातली हाय, तुजी न्हवं," असं ते पुन्हा पुन्हा म्हणायला लागले आणि स्वतःच रडायला लागले. तिनं त्यांच्या हातातला कागद घेतला, उलटून पाहिला. दोन्ही बाजूंनी कोरा होता. गोठ्यात कॅमेरा अजून खरखरत होता.

ती पुढं जे हसली ते मला त्या काचांपेक्षा जास्त लागलं. "बघा की, येडीच हाय मी," म्हणाली. केरसुणी घेऊन काचा आपल्याच हातानं भरल्या. मनगटावर रक्त आलं होतं त्यावर हळद दाबली. बायका जमल्या, त्यांनी समजूत घातली, सगळं झालं. बांगड्या फुटल्या असं त्यातली एकही म्हणाली नाही. काकणं वाढवली, असंच म्हणाल्या. मी माझी पेटी आणली, त्यातल्या बांगड्या तिच्यापुढं धरल्या. सासूनं माझा हात बाजूला केला. रागानं नाही. म्हणाली, "न्हाई, बाय. मनानं एकदा मानलं त्ये झालं. त्यो दारात हुबा ऱ्हाईल तवाच काकणं चढायची."

आणि चार दिवसांवर संक्रांत.

त्या संक्रांतीचं हळदीकुंकू मला अजून स्वच्छ दिसतं. पाटलांच्या सोप्यात बायका दाटून बसलेल्या, सुगडांत हरभरे, बोरं, उसाचे करवे, शाळूची कोवळी कणसं. मला आग्रहाचं बोलावणं होतं. जाऊ नये असं फार वाटत होतं, पण हे म्हणाले, गावाचं मन मोडू नको, अजून आठ दिवसांचं काम राहिलंय. मी गेले. पाटलीणबाईंनी मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली, सांगलीची वैनी म्हणून पहिला मान दिला. समोरच्या अंगणात हौसाक्का सुपात काहीतरी पाखडत होती, मोकळ्या हातांनी. सुपाच्या आवाजात एरवी बांगड्यांचा असतो तो आवाज नव्हता. तिला कुणी बोलावलं नव्हतं. कुणी मुद्दाम टाळलं असंही नाही. उघड्या हाताच्या बाईला कसं बोलवायचं, असा साधा प्रश्न होता तो त्यांच्यापुढं. दिवसभर विधवेचं सोंग करणारी मी पाटावर, आणि जिचा नवरा बर्फात कुठंतरी जिवंत उभा होता ती अंगणात. माझ्या ओटीत तीळगुळाची पुडी पडली तेव्हा मला वाटलं, ही आत्ता उठून तिला नेऊन द्यावी. मग वाटलं, त्यानं तिची आणखी शोभा होईल. मी बसूनच राहिले. संध्याकाळी तिनं नेहमीसारखा करंडा पुढं केला नाही. खांबाजवळ ठेवून दिला. "तुमीच लावा, वैनी. माजा हात नगं."

श्रीपती फाल्गुनात रजेवर आला. बर्फानं वाट बंद होती म्हणून पत्रं अडकली होती, दुसरं काही नव्हतं. तो दारात उभा राहिला आणि सासूनं त्याला आत घेण्याआधी कासाराला बोलावणं धाडलं, असं दगडूअण्णांनी आम्हाला कळवलं. मी पत्र वाचून देवापुढं साखर ठेवली. वाटलं, फिटलं.

फिटलं नव्हतं. कोल्हापूरला एडिटिंगच्या टेबलावर ह्यांनी तो शॉट लावला. काळ्यापांढऱ्या पडद्यावर फक्त दोन हात, चौकट, आणि उडणाऱ्या काचा. बापूंनी घाईत भिंग जवळचं लावलेलं, तिचा चेहरा चौकटीबाहेर. बापू खाली मान घालून बसले होते. हे हलक्या आवाजात म्हणाले, "हे कुणालाही करून दाखवता येणार नाही." त्या हातांना जोडायला माझा चेहरा होताच, नंतर घेतलेला. मी म्हटलं, हे नको. ह्यांनी समजावलं: तोंड दिसत नाही, कुणाला कळणार आहे, आणि कादंबरीला याहून मोठा न्याय कोणता? आवाज भरायचा राहिला होता. सवाष्णीनं बांगड्या फोडायच्या नाहीत म्हणून स्टुडिओतल्या पोऱ्यानं डझनभर बांगड्या एका लाटण्यावर चढवल्या आणि त्या दगडावर आपटल्या. असा तो प्रसिद्ध प्रसंग तयार झाला. चेहरा माझा, आवाज लाटण्याचा, आणि दुःख हौसाक्काचं.

सिनेमा मोठ्या थिएटरांत चालला नाही. पुण्यात जाणकारांनी वाखाणला, माझ्या हातांवर कुणीतरी लेख लिहिला. पुढच्या पौषात औंधच्या देवीच्या यात्रेत तंबूत लागला, आणि हौसेनं आम्ही दोघं गेलो. तंबूत हौसाक्का पुढं बायकांत बसली होती, मनगटभर चुडा. श्रीपती पुरुषांत, फौजी स्वेटर घालून. पुन्हा रजेवर आलेला, परवा परत जाणार होता. तो प्रसंग आला. मागून कुणीतरी शिट्टी मारली, टाळ्या पडल्या. त्या गावाला ते हात ओळखायला चेहरा लागत नव्हता. पुढच्या दोनतीन बायका वळून बघायला लागल्या. हौसाक्कानं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि खेळ संपेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

बाहेर रेवड्यांच्या पालाशी श्रीपती आमच्यासमोर आला. मला वाटलं, आता हा ह्यांच्या अंगावर जाणार. त्यानं हात जोडले. "गुर्जी, मेल्यावर मान्साला जे दिसत न्हाई त्ये मला बसल्या जागी दिसलं." मग म्हणाला, "पर त्ये माज्या घरातलं हुतं."

हौसाक्का माझ्याकडं बघत होती. "वैनी, म्या येकदाच फोडली. आता तुमी रोज दोन खेळ फोडताय. ह्ये परवा जानार, आन् हितं तंबूत रोज माजी काकणं वाढत्यात. तेवढं काढा की."

काढतो, असं हे म्हणाले. तंबूवाल्याशी बोललेही. तो म्हणाला, साहेब, लोक तेवढ्यासाठीच येतात. मग पुढच्या गावाला काढू, असं ठरलं, आणि पुढच्या गावाला आणखी पुढच्या. प्रिंट होती एकच. ह्यांच्या आयुष्यात एक गोष्ट खरी उतरली होती आणि ती कात्रीनं कापायला त्यांचा हात धजला नाही. मला कळत होतं, म्हणूनच मी फार बोलले नाही. आता ते कळणंही मला पुरत नाही.

हे गेले त्या दिवशी बायका मला आत घेऊन गेल्या तेव्हा मनात, कुठून कोण जाणे, ती चौकट आली. माझे हात शांत होते. मुलीनं साबण लावून एकेक बांगडी काढली आणि रुमालात बांधून ठेवली. कुठंही काच उडाली नाही. हौसाक्काला मिळायला हवी होती ती माया मला मिळाली, हेही त्याच हिशेबात बसलं.

गेल्या दिवाळीनंतर एक म्हातारा काठी टेकत आमच्या ओट्यावर आला. डोळ्यांच्या डॉक्टरकडं सांगलीला आला होता, पत्ता विचारत विचारत पोचला. अंगावर तसाच स्वेटर. मी आवाजावरून श्रीपतीला ओळखलं. चहा घेतला, गावचं सांगितलं. दगडूअण्णा कधीच गेले, त्यांची सायकल नातवानं अजून ठेवली आहे, कॅनॉलचं पाणी आलं, रानात आता ऊस आहे. मग कप खाली ठेवून म्हणाला, "ती गेली. श्रावणात."

तो माझ्या हातांकडं बघत होता, मी ते लपवू शकले नाही.

"नातवानं मोबायलवर सिनेमा दावला, वैनी. अजून हाय त्यो. आमी आसू नसू, त्यो ऱ्हाणार. लोकं बघत्याली आन् म्हणत्याली, ही बाय उगड्या हाताची." त्यानं डोळे पुसले, औषध घातलेलं होतं म्हणून असेल. "तुमी शिकल्यालं मानूस. कुटंतरी लिवा तेवढं. म्या सोता कासाराला बोलावून भरली तिला, शेवटची. दोन्ही हात कोपरापत्तुर."

ओट्यावर कासारीण आता पेटी आवरते आहे. त्या नव्या भाडेकरणीचं मनगट भरून झालं आहे आणि ती ते उजेडात धरून बघते आहे. मी तिला आत बोलावणार आहे आणि हे वाचायला देणार आहे. सिनेमात दिसतात ते हात माझे नाहीत. ते हौसाक्काचे आहेत, आणि हौसाक्का भरल्या हातांनी गेली.